काशीबाईच्या नावाचं पिंप

ऐंशीच्या सुमारास बहरीनमध्ये मीना सलमानच्या बंदरामागच्या वर्कशॉपांत कुठल्याही कोकणी माणसाला विचारलं असतं, ‘काय, गावी जायची तयारी झाली का?’ तर त्याने तिकिटाचं नाव काढलं नसतं आणि पासपोर्टाचंही नाही. ‘रावजीकडनं पिंप मिळालं की झालीच,’ एवढंच तो म्हणाला असता.

पिंप म्हणजे रुंद तोंडाचं लोखंडी पिंप, आतून पिवळसर मुलामा दिलेलं, झाकणाला घट्ट बसणारी कडी असलेलं. बोटीने मुंबईला जाणारा माणूस त्यात ब्लँकेटं, साबण, दुधाच्या पावडरीचे डबे, बायकोच्या साड्या आणि पोरांचे बूट कोंबायचा. गावी पोचलं की सामान चार दिवसांत वाटून संपायचं, पिंप मात्र घरात कायमचं ठाण मांडून बसायचं. तांदूळ त्यात, काजू त्यात, लग्नकार्याला प्यायचं पाणी त्यात. ज्याच्या पडवीत बहरीनची दोन पिंपं, त्याच्या मुलाला मुली सांगून येत, असं लोक थट्टेने म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

ही पिंपं ज्याच्या हातात, तो रावजी धुरी. वेंगुर्ल्याकडचा माणूस, ताहिरशेटच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. जहाजांचे नटबोल्ट, साखळ्या, बिजागऱ्या तिथे रसायनांच्या हौदात बुडवून त्यांच्यावर जस्त चढवायचे. रसायनं यायची युरोपातून, आणि रिकामी पिंपं पडायची रावजीच्या स्टोअरमागे. तो ती कुणाला विकत नसे. विकली असती तर निदान धंदा तरी म्हटला असता, पण रावजीला धंद्यापेक्षा मान प्यारा. पिंप धुवायचं, वर हिरवा ऑइलपेंट द्यायचा आणि पांढऱ्या रंगाने नाव-गाव घालायचं, ही सगळी त्याची हौस. अक्षर असं की मुंबईच्या धक्क्यावर हमालसुद्धा दोन घटका थांबून वाचत. वाडीतल्या घराघरांत त्याच्या हातची नावं उभी होती. स्वतः दोन-दोन वर्षं गावी न जाणारा हा माणूस त्या पिंपांच्या रूपाने प्रत्येकाच्या पडवीत बसलेला होता म्हणा ना.

इथवर सगळं ठीक होतं, कारण इतकी वर्षं त्या पिंपांतून धुण्याचा सोडा यायचा. दोन पाणी मारलं की पिंप स्वच्छ. मग वर्कशॉपने जस्ताचं काम वाढवलं आणि सोड्याच्या जोडीला पांढऱ्या वड्यांची पिंपं येऊ लागली. या वड्या म्हणजे जालीम विष, हे रावजीला माहीत नव्हतं असं नाही. विवेकसाहेबांनी, म्हणजे पुण्याहून आलेल्या इंजिनिअरांनी, पहिल्याच दिवशी त्यांना कुलूप लावायला सांगितलं होतं आणि रावजीने ते इमानेइतबारे लावलं. वड्या तो जिवापाड जपे. पण वड्या संपल्या की उरतं ते पिंप, आणि पिंप म्हणजे पिंप. रिकाम्या भांड्याला कसलं आलंय विष! कुलूप कशाला लावायचं ते साहेबांनी सांगितलं, रिकाम्याचं काय करायचं ते सांगितलं नाही. याने विचारलं नाही, त्यांना सुचलं नाही.

या नव्या पिंपांवर एक नारिंगी चौकोन चिकटवलेला असे आणि त्यात काळी कवटी, खाली दोन हाडं. रावजीला त्या चौकोनाचा मनस्वी राग. एक तर खरवडून निघत नसे, आणि हिरव्या रंगाच्या दोन हातांखालूनही तो नारिंगीपणा डोकावत राही. घरात न्यायच्या वस्तूवर मड्याची कवटी कुणाला चालेल? अपशकुनच तो. त्याने तिसरा हात दिला. युरोपातल्या कायदे करणाऱ्यांनी कुठे तरी बसून, हजार गोष्टींचा विचार करून ते चित्र त्या पिंपावर लावायला लावलं होतं. रावजीच्या ब्रशाला ते पुसायला अर्धी सकाळ पुरली.

आणि ते पहिलं कवटीचं पिंप गेलं कुणाकडे? त्याच्या स्वतःच्या घरी.

मुलगी रत्ना. तिचं लग्न वैशाखात ठरलं. रावजीने रजा मागितली तर ताहिरशेटने मान हलवली, ‘दो जहाज खडा है रावजी, अभी छुट्टी मफी.’ मफी म्हणजे नाही. बाप लग्नाला जाऊ शकत नाही म्हटल्यावर त्याने आपल्या जागी पिंप पाठवायचं ठरवलं. साड्या, चादरी, जावयाला शर्टाचं कापड, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून आत भरलं. बाहेर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘सौ. काशीबाई रावजी धुरी’, खाली गाव, तालुका वेंगुर्ला, जिल्हा रत्नागिरी. त्याच्याच वाडीतला गुंडू वर्कशॉपमध्ये हौदावर कामाला होता, तो रजेवर निघाला होता. पिंप त्याच्याबरोबर बोटीवर चढलं.

बरोबर एक कॅसेटही दिली. तेव्हा पत्रापेक्षा कॅसेटीची चाल होती. टेपरेकॉर्डरसमोर बसायचं आणि बोलायचं, घरची माणसं तिकडे गोल करून ऐकायची. रावजी बायकोला म्हणाला होता, “सामान काढून झाला की पिंप धुवून मांडवात ठेव. सोलकढी त्यातच करा. माझा नाव वऱ्हाडाक दिसाक व्हया. मी नाय तर नाय, माझा पिंप तरी मांडवात असांदे.”

बोट गेली, आणि आठवडाभरात रसायनं विकणाऱ्या कंपनीचा माणूस युरोपातून आला. उंच, शांत, उन्हाने लाल झालेला. हौद पाहिले, हातमोजे पाहिले आणि मग त्याने विचारलं, रिकामी पिंपं कुठे आहेत?

ताहिरशेट म्हणाला, भंगारात जातात. रावजीला मात्र कौतुक करून घ्यायची खोड. त्याने स्टोअरमागून एक हिरवंगार पिंप पुढे आणलं. कवटीवाल्या पिंपांतलं दुसरं होतं ते, धुऊन, रंगवून, नाव घालायला तयार. बघा, आमच्याकडे काही वाया जात नाही!

त्या माणसाने पिंपाला हात लावण्याआधी मोजे घातले. रावजीने आपला पिंपावरचा हात काढून घेतला. पाहुण्याने खाली कागद पसरला, पिंप आडवं केलं आणि बुडाजवळची दुमडलेली कड लाकडी हातोडीने ठोकली. कागदावर पांढरी कणी पडली. त्याने आणखी ठोकलं, आणखी पडली. दोन पाण्यांनी धुतलेलं पिंप होतं ते, रावजीने स्वतःच्या हाताने धुतलेलं.

तो इंग्रजीत बोलत होता आणि विवेकसाहेब सगळ्यांसाठी हिंदीत सांगत होते. युरोपात आता नियम कडक झालेत. माल बनवणाऱ्याने चित्र लावायचं, विकणाऱ्याने समजावून द्यायचं आणि वापरणाऱ्याने ते शेवटपर्यंत झाकायचं नाही. रिकामं पिंपसुद्धा भरलेल्यासारखंच धरायचं. भोकं पाडून मोडायचं. अन्नाला, पाण्याला कधीच नाही. आणि आंबट काही त्यात पडलं तर विषारी वाफ होते, माणूस जागच्या जागी जाऊ शकतो.

आंबट म्हटल्यावर रावजीच्या डोळ्यांपुढे मांडव उभा राहिला.

सोलकढी! कोकणातल्या माणसाला दुसरं काय आठवणार? कोकमाचा आंबट रस, नारळाचं दूध, पिंपभर कढी, पंगतीत फिरणारे पेले. पहिला पेला नवरीला, कारण सकाळपासून उपाशी असते पोर. आणि हे सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने, कॅसेटीत, प्रेमाने सांगून ठेवलं होतं.

पाहुणा गेल्यावर ताहिरशेटने दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. घाबरलेला मालक जे करतो तेच त्याने केलं. “रावजी, ये बहरीन है, यूरोप नहीं. कोई पूछे तो बोलना, सब ड्रम भंगार में गया. खलास.”

रावजीने मान डोलावली. मग बाहेर येऊन विवेकसाहेबांचा हात धरला. साहेबांचा हात धरायची त्याची ही पहिलीच वेळ.

“साहेब, एक गेलंय. माझ्या घरी. रत्नाच्या लग्नाला.”

आपण कुलूप लावायला सांगितलं आणि तिथेच थांबलो, हे विवेकसाहेबांना त्या क्षणी उमगलं असावं. ते फक्त म्हणाले, “चल.” माहूज भागातल्या आपल्या घरी जेवायला निघालेली गाडी त्यांनी मनामाच्या तारऑफिसकडे वळवली. वाडीत फोन नव्हता, तारेशिवाय इलाज नव्हता.

साहेबांनी मजकूर लिहिला: पिंप वापरू नका, त्यात विष आहे.

रावजीने तो वाचला आणि म्हणाला, “साहेब, दुसरं वाक्य काढा.”

“का?”

“गावच्या पोस्टात तार येते ती आधी पोस्टमास्तर वाचतो, मग पोस्टमन, मग सगळी वाडी. नवरीच्या बापाने लग्नाला विष पाठवलं म्हणून बोभाटा झाला तर मुलाकडची माणसं मांडवात पाऊल ठेवतील का? लग्न मोडलेली पोर पुढे कोण करणार, साहेब? मी वापरू नका म्हटलं म्हणजे वापरणार नाहीत. काशी माझा शब्द मोडत नाही.”

“शब्द राहू दे, रावजी. का नको ते कळलं पाहिजे माणसाला.”

“मुलीचं लग्न आहे साहेब,” रावजी म्हणाला आणि रडू लागला.

रडणाऱ्या बापापुढे शिकलेल्या माणसाचंही काही चालत नाही. विवेकसाहेबांनी पेनने ते वाक्य खोडलं. तार गेली: पिंप वापरू नका. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. फरक इतकाच, की इथे भांड्यातच सगळं होतं.

मग सुरू झालं वाट बघणं. उलट तार येईना. येणार तरी कशी? सुखरूप असलं की कोण तार करतो? लग्नाच्या दिवशी रावजी स्टोअरमध्ये तोंडात पाण्याचा थेंब न घेता बसून राहिला. गावाकडे आता हळद लागली असेल, आता मंगलाष्टकं, आता पंगत. पंगतीची वेळ झाली तेव्हा तो उठून खोलीवर जाऊन पडला. खोलीवरची पोरं समजली, बापाचं मन आहे, मुलगी सासरी चाललीय. त्यांनी मिठाई आणली, त्याने ती हातात धरून ठेवली. पुढे रोज सकाळी विवेकसाहेब नजरेनेच विचारत आणि रावजी मान हलवी. एवढ्या माणसांना काही झालं असतं तर आतापर्यंत कळलं असतं, असं दोघेही एकमेकांना सांगत. दोघांनाही रात्री झोप नव्हती ही गोष्ट वेगळी.

मृगाच्या तोंडावर गुंडू परत आला. रावजीने त्याला खोलीच्या उंबऱ्यावरच धरला.

“रत्ना?”

“रत्नाक काय झाला? बरी आसा. सासर बरा गावला.”

“काशी? वऱ्हाड? सगळी?”

“सगळी बरी. तुमका काय झालाहा, दादानू?”

“नि पिंप?”

गुंडू हसला. “ता वैनीन कॅसेटीत सांगितल्यान हा. तुमका बरी झोडल्यान हा, आयका.”

इतक्या दिवसांनी रावजीला भूक लागली. त्याने चहा मागवला, गुंडूला शेजारी बसवलं आणि कॅसेट लावली. काशीबाईचा आवाज खोलीभर झाला.

“अवो, आयकतास मां? लगीन बरा झाला. काय एक उणा पडला नाय. आता तुमच्या पिंपाचा सांगतंय. लग्नाच्या आदल्या दिसा सामान काढला नि पिंप धुवूक बाहेर काढला. बोटीत खय आपाटला काय, रंगाचो एवडो मोठो पोपडो निघालो. नि खाली बघतंय तर मड्याची कवटी! अवो, चेडवाच्या लग्नाक कवटी धाडलात? तुमका काय वाटला नाय? म्हटलंय, ह्या मांडवात ऱ्हवूचा नाय. धुवूचा पण नाय. सोलकढी आमी पातेल्यांनी केली.”

रावजी मोठ्याने हसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. तीन हात रंग दिला तरी ती कवटी वर आली होती! सुंठेवाचून खोकला गेला म्हणतात तो असा. त्याने पुसलेल्या चित्रानेच त्याची मुलगी वाचवली होती.

“नि तुमची तार. ती गुंडून पोस्टमनाकडसून घेतल्यान नि वरात जाईसर कमरेक खोवून ठेवल्यान. भायरगावसून तार म्हणजे वायटच, तेका वाटला तुमकाच काय झाला. लगीन थांबूक नको म्हणान पोर तोंडातसून बोललो नाय. मगे वाचली, तर पिंप वापरू नका. मी म्हटलंय, बघा, ह्यांका पण ती कवटी मागसून आठवली.”

गुंडू लाजून मान खाली घालून बसला होता. रावजीने त्याच्या पाठीवर थाप मारली. घरातली तार लग्न उरकेपर्यंत दडवायची ही आपल्याकडची जुनीच रीत. पोराने त्याच्या परीने शहाणपणच केलं होतं. कॅसेट पुढे चालली होती.

“आता एवडा बरा पिंप फुकट कशाक घालवा? गंगूबायेक दिलंय. तिचो घोव कवाच गेलो, तिका कवटीचो अपशकुन कसलो? बिचारी खूश झाली. पिंप विसळून पाणी गोठ्यात वतल्यान, उनात सुकवल्यान नि वर्साची कोकमाची सोलां त्यात भरून ठेवल्यान. पण नशीब बघा तिचा, त्याच सांजेक तिचो पाडो मेलो. तोंडाक नुसतो फेस. पान लागला असतला, गोठ्यात साप-जनावर फिरता…”

रावजीचा हात बटणावर गेला. कॅसेट थांबली.

गंगूबाई म्हणजे गुंडूची आई.

“पाडो मीच पुरलंय,” गुंडू सांगत होता. “बरो होतो. पण पिंपान आय खूश आसा. म्हणता, झाकण घट्ट आसा, पावसात सोलां आंबूची नाय. श्रावणात उघडतली.”

त्याच्या हातातला चहा अजून गरम होता. आपल्या आईला बहरीनचं पिंप मिळालं या आनंदात तो रावजीकडे बघत होता, आणि रावजीला आयुष्यात इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आता पोस्टमास्तर नाही, मुलाकडची माणसं नाहीत, मोडायला लग्नही उरलेलं नाही. सांगायला मध्ये कसलीच अडचण नव्हती, आणि म्हणूनच तोंड उघडवत नव्हतं.

“गुंडू,” तो शेवटी म्हणाला, “तुजो पाडो पान लागान नाय मेलो.”

मग त्याने सगळं सांगितलं. वड्या, दुमडलेली कड, कागदावरची कणी, आंबटाची वाफ. गुंडू त्याच हौदावर काम करणारा. त्याला फार समजवावं लागलं नाही. तो उठला आणि तसाच अनवाणी रस्त्यावर धावत सुटला. रावजी त्याच्या मागे.

तारऑफिसात रावजीनेच मजकूर सांगितला. पिंपात विष आहे. उघडू नका. सोलं खाऊ नका, जनावराला घालू नका. पिंप तसंच विहिरीपासून लांब खोल पुरा. काउंटरवरच्या माणसाने पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. रावजीने आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि ताहिरशेटच्या वर्कशॉपचंही सांगितलं.

उत्तर येईपर्यंत गुंडू हौदावर गेला नाही. उत्तर आलं तेव्हा रावजी जवळच होता. आई बरी आहे, पिंप पुरलं. गुंडूने तार घडी करून खिशात ठेवली आणि मग विचारलं, अगदी हळू विचारलं:

“पयल्या तारेत ह्यो शब्द कित्याक नाय घातलात, दादानू?”

“चेडवाचा लगीन मोडला असता रे.”

गुंडूने मान डोलावली. त्याला ते पटलं होतं, हेच वाईट. “होय,” तो म्हणाला. “नि माझी आय?”



पुढे विवेकसाहेबांनी ताहिरशेटशी भांडून रिकाम्या पिंपांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. ती मोडायचं काम रावजीने मागून घेतलं. नारिंगी चौकोन तसाच ठेवून तो शेजारी आपल्या देखण्या अक्षरात ‘विष’ असं लिहायचा आणि मग पहारीने बुडाला भोकं पाडायचा. गावी निघालेली माणसं स्टोअरमागे येऊन उभी राहत, हळहळत, मग रावजी आता चिकट झाला म्हणत परत जात. त्यातल्या प्रत्येकाला तो सगळी गोष्ट सांगे, पहिली तारसुद्धा.

दोन वर्षांनी गुंडू पुन्हा रजेवर निघाला. त्याने बाजारातून पत्र्याची नवी ट्रंक विकत आणली. तिच्यावर नाव घालायला त्याने दुसऱ्या वर्कशॉपमधल्या एका पेंटरला सांगितलं. रावजीला विचारलं नाही.